येळवसला लेकरांना काय सांगायचं

येळवस आली की आमच्या लातुरात सगळे शेताकडं पळतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मार्गशीर्ष अमावस्येचा हा सण, शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, तिच्यात दगडाचे पांडव मांडून पूजायचे, मग भाज्या-शेंगांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे अन् मडक्यातलं गार आंबील. मला यातलं सगळ्यात काय आवडत असंल तर ज्याला शेत नाही त्याला आवर्जून बोलवायची रीत.

यंदा मी ठरवलं की बोलवायचं काम लेकरांनीच करायचं. पोराला म्हणलं, तुझ्या ओळखीत कोणाला शेत नाही ते तूच शोध अन् स्वतः जाऊन सांग. आधी लाजला. मग म्हणला, आई, माझ्या वर्गातला एकजण आज्जीपाशी राहतो, त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, पार उन्हाळ्यालाच येतात. मला हे माहीतच नव्हतं बघा, अन् तो रोज त्याच्याशेजारी बसतोय.

दोघं मिळून गेलो. आज्जी आधी नको नको म्हणत होत्या, तर पोरगंच म्हणलं, आज्जी तुम्ही नाही आल्या तर आंबील कोण नीट झालं का सांगणार? आल्या मग.

लेकरांना नुसतं 'चांगलं वाग' म्हणून काही कळत नाही हो, असं एखादं काम हातात द्यावं लागतं अन् आपण मधी बोलायचं नाही. परत निघताना धाकटीनं न सांगता उरलेली भज्जी डब्यात भरून आज्जींच्या पिशवीत ठेवली, डबा माझा आवडता, तो अजून तिकडंच आहे.