राऊटर रिस्टार्ट करून पाहा, मॅडम

हे वाक्य मी तीन आठवड्यांत किती वेळा ऐकलं, हिशोब नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करायचा, त्यावर घरचे सगळे फोटो ठेवायचे आणि पुण्यातल्या भावाला ते तिकडून बघता यावेत, एवढंच मनात होतं. गूगलचे फुकटातले १५ जीबी कधीच भरले होते. उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेक्स्टक्लाउड हे फोटो-फाइली ठेवायचं सॉफ्टवेअर टाकायला एक रविवार पुरला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही केलं. ८० आणि ४४३ या पोर्टवर, म्हणजे वेबसाइटसाठीच्या नंबरवार दारांवर, बाहेरून जे येईल ते १९२.१६८.१.७ कडे, म्हणजे लॅपटॉपकडे. भावाला फोन केला. "नुसतं फिरतंय," तो म्हणाला. नियम पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी वैतागून राऊटर फॅक्टरी रिसेट केला, तर त्यात पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडायच्या लॉगिनचं, युजरनेमच गेलं. संध्याकाळभर घरात नेट नाही आणि सासूबाईंची मालिका अर्धीच राहिली. ते मला अजून ऐकवलं जातं.

मग कस्टमर केअर. तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी मेसेज: 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' कोणी केलं, कसलं केलं, देव जाणे. तिसऱ्या तक्रारीला एक मुलगा घरी आला. त्याने फायबर काढून सिग्नलची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली, उणे १९ चा आकडा मला दाखवला आणि म्हणाला, "सिग्नल एकदम ओके आहे ताई, स्पीड टेस्ट करून बघा." स्पीडबद्दल माझी तक्रारच नव्हती! बाहेरून आत येता येत नाही, हे मी त्याला तीन तऱ्हांनी सांगितलं. चहा पिऊन गेला.

उत्तर इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं, राऊटरच्या स्टेटस पानावर. तिथला वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.७२ ने सुरू होत होता, आणि 'माझा आयपी काय' असं ब्राउझरमध्ये शोधलं तर आकडा भलताच. हे दोन आकडे जुळत नसतील तर पोर्ट फॉरवर्डिंगवर एक मिनिटही घालवू नका. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवले: कंपनीने एका सार्वजनिक पत्त्यामागे बरीच गिऱ्हाइकं बसवायची. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे, म्हणजे असे चार आकड्यांचे, पत्ते जगात मिळून ४२९ कोटींच्या आसपास आणि आशिया-पॅसिफिकचा साठा २०११ मध्येच तळाला लागलेला, तेव्हा कंपन्यांची अडचण मला समजते. न सांगणं समजत नाही.

चाळीतले पी.पी. नंबरचे दिवस आठवतात? शेजारच्या काकांकडून आपण बाहेर हवे तेवढे फोन करावेत. पण बाहेरून फोन आला आणि काकांना आपलं नावच ठाऊक नसेल, तर ते हाक कोणाला मारणार? मी आपलं दार सताड उघडं ठेवून बसले होते, आणि फोन काकांच्याच घरात ठेवला जात होता.

चौथ्यांदा फोन केला तो थेट "सीजीनॅटमधून काढा, स्टॅटिक आयपी द्या" म्हणूनच; स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, फक्त माझा असा सार्वजनिक पत्ता. पलीकडे शांतता. मग, "मॅडम, राऊटर रिस्टार्ट करून पाहिलात का?"

मी फोन ठेवला आणि ज्याच्याकडून कनेक्शन घेतलं त्या केबलवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. "स्टॅटिक ना? आधीच यायचं की! वर्षाचे दीड हजार, वर १८ टक्के जीएसटी." १,७७० रुपये दिले, दुसऱ्या दिवशी दुपारी नवा पत्ता हजर. टनेल वापरून, म्हणजे लॅपटॉपनेच आतून बाहेरच्या एका सर्व्हरपर्यंत वाट उघडी ठेवून, हे फुकटात झालं असतं, हे मलाही माहीत आहे. पण तोवर मी इरेला पेटले होते.

तरी घरच्या वायफायवरून साइट उघडेना, राऊटरचंच लॉगिन पान येई. अर्धा तास सगळ्यांना शिव्या घातल्या. मग रात्री अकराला भावाला उठवलं, तर त्याच्याकडे लगेच उघडली. "आईचा फोटो आडवा दिसतोय," एवढंच बोलला. काही राऊटर घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे वळू देत नाहीत. तपासताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा.

हो, लॅपटॉपचा आतला आयपी राऊटरमध्ये कायमचा बांधून ठेवा, नाहीतर एक दिवस ७ चा ९ होतो आणि सगळं ठप्प. २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून लॅपटॉपवर लॉगिन करायचं दार, बाहेर उघडू नका. मी एक रात्र उघडं ठेवलं, सकाळी लॉगमध्ये 'रूट' या मुख्य अ‍ॅडमिनच्या नावाने दार ठोठावणाऱ्यांची रांग होती. आणि राऊटरला छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, राऊटरला नसते, हे मला लाइट गेल्यावर सुचलं.