क्वांटम आणि चाकणचे ट्रक

आज ऑफिसात एका सल्लागार कंपनीचं क्वांटम कॉम्प्युटिंगवर प्रेझेंटेशन झालं. आमचा धंदा ट्रान्सपोर्टचा. पहिल्याच स्लाइडवर सोनेरी झुंबरासारखं यंत्र. म्हणे, तुमच्या गाड्यांचे रूट हे चुटकीसरशी काढेल.

दुखणं खरं आहे. एका गाडीला २० ठिकाणी माल टाकायचा तर क्रम लावायचे पर्याय साधारण २४ वर १७ शून्यं. पण सगळे तपासतो कोण? आताचं सॉफ्टवेअर पाच मिनिटांत कामचलाऊ उत्तर देतं आणि क्वांटम त्याहून सरस ठरल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही. आमचे डिस्पॅचचे काका मागून पुटपुटले, "तळेगाव चौकातली कोंडी कळते का त्याला?"

त्यात या यंत्रातले क्युबिट, म्हणजे माहिती साठवणारे मूळ घटक, भलतेच नाजूक. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचांकी तापमानाच्या, जेमतेम वर गारठवून ठेवायचे, तरी चुकतात. गूगलच्या १०५ क्युबिटच्या 'विलो' चिपनं २०२४ मध्ये चुका आटोक्यात आणायची वाट दाखवली, हे मात्र भारी काम.

मला खरा घोर लागला तो शेवटच्या दोन स्लाइडांनी, ज्या त्यांनी घाईत उरकल्या. चोरांनी आजची कुलूपबंद (एन्क्रिप्शन केलेली) माहिती चोरून ठेवायची आणि पुरेसं मोठं क्वांटम यंत्र आलं की उघडायची! अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्येच क्वांटमपुढेही टिकतील अशा नव्या कुलपांची मानकं काढलीत.

जेवण झाल्यावर आमच्या सिस्टिम्सची यादी करायला बसलो, कुठे कोणतं एन्क्रिप्शन आहे ते. संध्याकाळपर्यंत ११ नोंदी झाल्या. त्यातल्या चारांपुढे लिहिलंय: 'सेटअप करणारा नोकरी सोडून गेला.'