दहा नंबरच्या सुया

"काकू, सव्वातीन एमएम म्हणजे आपल्याकडच्या दहा नंबरच्या सुया ना?" रेवाने दारातूनच विचारलं. हातात मोबाइल, त्यात कुणी परदेशी बाई टाका घालता घालता थांबवून ठेवलेली. म्हटलं, हो, दहाच. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, चुकून बारा घेतल्यास तर मफलर पुढच्या दिवाळीला होईल. मग तिने साहजिकच पुढचं विचारलं. "तुमच्याकडे असतील ना? मला आठवडाभरच हव्यात."

आहेत ना. तीन जोड आहेत. तिन्ही अडकलेले.

कपाटातल्या पिशव्या खाली काढल्या. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि एकेक काम उचलून बघायला लागली. "बापरे, तुम्ही एका वेळी एवढं सगळं विणता?" खरंखुरं कौतुक होतं. मी ते घेतलं, मजेत घेतलं. आणि म्हटलं, "उद्या देते हं."

ती गेल्यापासून माझं काहीतरी बिनसलंय.

जोड मोकळा करणं पाच मिनिटांचं काम. सुईत दोरा ओवायचा, टाके एकेक करून दोऱ्यावर उतरवायचे, दोन्ही टोकांना गाठ मारायची. टाके कुठेही जात नाहीत. मी स्वतः किती जणींना शिकवलंय हे. भिशीतल्या बायकांना तर दटावूनसुद्धा सांगते की सुया अडवून ठेवू नका. आणि एक पोर कधी नव्हे ती हौसेने सुया मागायला आली, तर मी "उद्या". कशासाठी? उद्या काय होणार होतं?

आळस म्हणू नये कुणी. आळशी माणसाचं अर्धं कामसुद्धा झालेलं नसतं. माझं अर्धं व्यवस्थित झालेलं असतं. पाऊण म्हणा.

जाळीच्या शालीचंच बघा. बारा ओळींचा नमुना, दोन टाके एकत्र, मग दोरा पुढे, असं करत जायचं. नमुना जुन्या मासिकातून फाडलेल्या पानावर होता. ते पान घराच्या रंगकामात गेलं. विणलेल्यावरून नमुना वाचता येतो, येतो मला, पण त्याला दिवसाउजेडी टेबलाशी बसून एकेक ओळ मोजावी लागते. शिवाय खाली कुठेतरी एक टाका सुटलेला आहे. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडी चढवावी तसा वर आणता येतो. जाळीत तो कुठल्या भोकातून कुठे गेला हेच कळत नाही. दर नमुन्यानंतर एक आडवा दोरा ओवून ठेवला असता तर तिथपर्यंत उसवून पुन्हा सुरू करता आलं असतं. आता हे सगळं ठाऊक असूनही शाल तशीच आहे, कारण मला दिवसाउजेडी टेबल मिळत नाही.

हेच लिहायचं होतं बहुतेक मला. वेळ मिळत नाही असं नाही, मिळतो तो तुकड्यांत मिळतो. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये. दवाखान्यात नंबर येईपर्यंत. हे बातम्या बघतात तेव्हा. तुकड्यातल्या वेळात सुलट-उलट होतं, मफलर होतो, पाठीचा सरळ भाग होतो. गळ्याचे टाके उचलणं, बाहीचा उतार मोजणं, भाग जोडणं, हे तुकड्यांत होत नाही. एकदा मोजायला बसलं की कुणीतरी हाक मारतं आणि मोजणी पहिल्यापासून. म्हणून सोपं ते पुढे जातं आणि अवघड येऊन ठेपलं की पिशवी वर जाते. मग मी नवीन काहीतरी घालते. नवीन कामात पहिले चार इंच नेहमी सोपे असतात. बॉर्डरच असते.

आणि कुणाला वाटत नाही हिला दोन तास एका जागी बसू द्यावं. कुणाला म्हणजे कुणालाच. जाऊ दे.

आईच्या वेळी असं नव्हतं, हे मी म्हणायच्या आधी ह्यांनी म्हटलं. नव्हतं, खरं आहे. आईकडे सुयांचा एक जोड होता आणि एका स्वेटरपुरती लोकर. ते संपल्याशिवाय दुसरं घालणार कशावर? आम्ही वाढलो की जुना स्वेटर उसवायची, लड करून कोमट पाण्यात भिजवायची, खाली वजन अडकवून वाळवायची. लोकरीच्या वेड्यावाकड्या लाटा सरळ झाल्या की त्यातच दुसरा रंग घालून पुढच्या मापाचा. तिच्या हातून कामं पुरी व्हायची याचं कौतुक मलाही आहे. पण आज दहा रंगांच्या गुंड्या मोबाइलवरून घरपोच येतात, त्या तिच्या पुढ्यात आल्या असत्या तर तिनेही काय केलं असतं ते मला माहीत आहे. दिवाळीला तिच्या एका वेळी तीन पाककृती चालू असायच्या आणि चकलीचं पीठ हमखास उरायचं.

दुसरी पिशवी काळी. भाचीच्या लेकीच्या बोरन्हाणासाठी काळा फ्रॉक घातला होता, खाली पांढरी किनार, हलव्याचे दागिने उठून दिसतील असा. कल्पना सुंदर होती. काळ्या लोकरीत रात्री ट्यूबखाली टाका दिसत नाही, हे कल्पनेत दिसलं नव्हतं. चष्मा बदलूनही दिसत नाही. बोटाने चाचपून विणत होते, मग उलट ओळीत कुठेतरी सुलट पडलं आणि ते चार ओळींनंतर उजेडात कळलं. ती संक्रांत गेली. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात म्हणून माझी मुदत अजून आहे, पण पोर दर महिन्याला वाढते आणि फ्रॉक तेवढाच.

शिवाय आपल्या हवेचंही आहे. कुणी याचा विचार करत नाही. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की नाशिकभर सगळ्यांच्या अंगात विणकाम संचारतं. कोजागिरीनंतर लोकर आणावी, तर घरात दिवाळी. दिवाळी आवरून सुया हातात येईपर्यंत मार्गशीर्ष. पाठ होते, पुढचा भाग होतो, तोवर तिळगूळ. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात, माझ्याकडे ती दुसऱ्या बाहीच्या आधीच जाते. चैत्रात लोकर मांडीवर घेऊन बघा एकदा. हाताला घाम, घामाने लोकर सुईला चिकटते, सरकत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या सुया फिक्या रंगाला काळपट डाग देतात ते वेगळंच. मग डांबरगोळ्या घालून पिशवी वर. पुढच्या थंडीत उघडायची तेव्हा आपला हातच बदललेला असतो. मागच्या वर्षी घट्ट विणत असलो तर यंदा सैल. पहिली बाही आणि दुसरी बाही शेजारी ठेवली की दोन बायकांनी विणल्यासारख्या.

त्यावरून आठवलं. अमेरिकेत 2022 मध्ये विणणाऱ्या दोन मैत्रिणींनी एक उपक्रम सुरू केला, 'लूज एंड्स' नावाचा. कुणी विणकाम अर्धं ठेवून वारलं, किंवा हात चालेनासे झाले, तर घरच्यांनी ते काम कळवायचं आणि जवळपासची कुणी विणणारी ते पुरं करून देते, पैसे न घेता. वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आज मात्र वेगळंच मनात आलं. म्हणजे माझ्यामागे कुणी अनोळखी बाई ह्या तीन पिशव्या उघडणार, टाके मोजणार, सुटलेला टाका बघणार, आणि मनात म्हणणार, अगं बाई, इथपर्यंत आणून ठेवलंस आणि? त्यापेक्षा मी स्वतःच उसवून जाईन.

पण उसवतही नाही. दोऱ्यावरही घेत नाही.

सुई टाक्यांत आहे तोवर ते काम चालू आहे. मी कुठल्याही क्षणी पिशवी खाली काढून पुढचा टाका घालू शकते, मध्ये काहीही करावं लागत नाही. दोऱ्यावर घेतलं की ते ठेवून दिलेलं काम झालं. टाके तेच, लोकर तीच. फरक फक्त मला कळतो. आणि रेवाला तो कळला नाही म्हणून तर मला एवढं बरं वाटलं होतं.

असो. सकाळी उठून शाल दोऱ्यावर घेतली. पोहे फोडणीला घालण्याआधी झालं ते काम. काही वाटेल म्हणून थोडं थांबले. काही वाटलं नाही. उलट सुई निघाल्यावर शाल सपाट पसरता आली आणि सुटलेला टाका नेमका कुठे आहे ते दिसलं, तीन नमुने खाली. इतके दिवस सुईवर गोळा होऊन बसली होती. रेवाला सुया दिल्या, वर दोन गुंड्या दिल्या, मफलरला पहिला टाका न विणता नुसता उचलायचा म्हणजे कड सरळ येते हेही सांगितलं. तिने पहिल्या टाक्यापासून चुकायला सुरुवात केली. छान वाटलं.

तिसऱ्या पिशवीबद्दल लिहायचं नव्हतं. मरून. नानांचा.

पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी बाही बॉर्डरच्या पुढे चार बोटं. मधेच लोकर संपली आणि मेन रोडवरच्या त्या दुकानात पहिला लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली ती खेप, नव्हता. दुसऱ्या लॉटच्या गुंड्या आणल्या. दुकानात ट्यूबखाली एकच रंग, गच्चीत नेल्यावर एक मरून आणि एक जांभळ्याकडे झुकणारा. याला उपाय आहे. दोन ओळी जुन्या गुंडीच्या, दोन नव्या, असं विणत गेलं की फरक डोळ्यांना कळत नाही. पण त्यासाठी जुनी लोकर हवी, आणि ती पहिल्या बाहीत जाऊन बसलेली. मग नाना नागपूरला गेले. कसे गेले, कुणी नेलं, ते सगळं आता पुन्हा नको. 2018 च्या डिसेंबरात नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हे मात्र मी तेव्हा दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, इकडे गीझर आहे, हीटर आहे. आणि त्याने त्यांना रेडिमेड जॅकेट घेतलं. चेनचं. फोटो पाठवला वहिनीने. बरं दिसतं त्यांना. खरंच बरं दिसतं.

तर त्या जॅकेटनंतर दुसऱ्या बाहीला हात लागला नाही, एवढंच आहे. लॉट-बिट सगळं आपलं म्हणायला.

दुपारी ती पिशवीही काढली, आता काढायला लागलेच आहे तर. भाग पलंगावर मांडले. आणि शप्पथ सांगते, इतक्या महिन्यांत हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. नाना आयुष्यभर हाफ स्वेटर घालत आलेत. कचेरीत, सकाळी फिरायला, लग्नात कोटाच्या आत. पूर्ण बाह्यांचा मी घातला, कारण मला तो करून दाखवायचा होता. कुणाला, ते असू दे.

झालेली बाही वरच्या टोकापासून उसवली. सरसर आली. दुसरी तर अर्धीच होती, सुईवरून ओढली आणि संपली. जुन्या लॉटची एवढी लोकर हातात आली की दोन्ही बगलांचे टाके उचलून इंचभर बॉर्डर घातली तरी उरेल. बॉर्डरने खांदा थोडा बाहेर येईल, पण ते शर्टावर घालतात, खपून जाईल. नवीन लॉटची गरजच नाही. लड करून भिजत घातली. हे चहाला आले, बादलीत बघून म्हणाले, "अरेच्चा, हे तर होत आलं होतं ना?" म्हटलं, होत आलं होतं म्हणूनच.

संध्याकाळी नानांना फोन लावला.

"नाना, तुमचा स्वेटर हाफ केला तर चालेल का?"

"कुठला स्वेटर?"

"मरून. मागच्या वर्षी माप नव्हतं का घेतलं?"

"अगं, तो अजून चालू आहे होय?" हसले. मग म्हणाले, "हाफच बरा. पूर्ण बाह्या ताटात बुडतात. पण असं कर, खिसा ठेव त्याला. ह्या जॅकेटचे खिसे खाली आहेत, चष्मा सापडत नाही."

खिसा. डाव्या बाजूला, छातीवर. म्हणजे 28 टाके घालायचे, साडेचार इंच सरळ विणायचं, वर बॉर्डर, आणि मग तो शिवायचा, दिवसाउजेडी, टेबलाशी. दहा नंबरचा एक जोड रेवाकडे, एक काळ्या फ्रॉकमध्ये. हा तिसरा आजच मोकळा झाला होता.

लोकर अजून वाळलेली नाही. बगलांच्या बॉर्डरी जाऊन खिशापुरती उरायला हवी.