बोट पाण्याबाहेर ठेवताना

माझा मावसभाऊ फ्लोरिडातील केप कोरल येथे राहतो. त्या शहरात सुमारे ४०० मैल लांबीचे कालवे खणलेले आहेत आणि असंख्य घरांच्या मागच्या अंगणाला कालव्याचे पाणी लागलेले असते. गेल्या वर्षी त्याने अशाच एका कालव्यावर घर घेतले. घराबरोबर छोटा धक्का आणि बोट उचलून ठेवण्याची लिफ्टही मिळाली. मग त्याने मासेमारीसाठी २१ फुटी फायबरची बोट घेतली, लिफ्टवर चढवली, तिचे फोटो मला पाठवले आणि विचारले, ‘दादा, पावसाळाभर ती अशीच वर ठेवली तर चालेल ना?’

हा प्रश्न त्याने मला विचारला, कारण आमचे घर मुंबईतल्या वेसाव्याचे (वर्सोव्याचे). खाडीच्या काठावर बोट पाण्याबाहेर काढून पावसाळाभर सांभाळणे, म्हणजेच बोट शाकारणे, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काम आहे. त्याची लिफ्ट मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरीही फोटो पाहताना एक गोष्ट लगेच खटकली, ती पुढे सांगतो.

लिफ्टची रचना सोपी आहे. पाण्यात रोवलेले चार खांब, त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर मोटर आणि गिअर, आणि तारेच्या दोरांना लटकलेला पाळणा. पाळण्यावर गालिचा गुंडाळलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्या असतात व बोटीचा तळ त्यांच्यावर टेकतो. पाळणा पाण्यात सोडायचा, बोट त्यावर आणायची, बटण दाबायचे, म्हणजे काही मिनिटांत बोट पाण्यापासून चार-पाच फूट वर जाते. आमच्या खाडीत अशी लिफ्ट का दिसत नाही, याचे कारण समुद्रच सांगतो. केप कोरलच्या कालव्यात भरती-ओहोटीतला फरक एरवी मीटरभरही नसतो. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, तोच फरक चार मीटरच्या वर जातो आणि ओहोटीला धक्क्याच्या पायथ्याशी नुसता चिखल उरतो. ओहोटीच्या वेळी पाळणा चिखलात आणि भरतीच्या वेळी खांबांची टोके पाण्याच्या जवळ, अशी स्थिती येथे होईल.

म्हणून आम्ही भरतीच्याच पाठीवर बोट वर आणतो. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब बाबांनी मला शाळेच्या पाढ्यांबरोबरच शिकवला. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी फार वर चढत नाही; त्यामुळे बोट काढायची तर उधाणच गाठावे लागते. भरतीच्या माथ्यावर बोट जितकी वर आणता येईल तितकी आणायची, पाणी ओसरले की तळाखाली ओंडके सरकवायचे, आणि मग माणसांनी दोर ओढायचे. मोठ्या बोटींना आता क्रेन लागते. आमच्या २० फुटी फायबर बोटीलाही गेली काही वर्षे आम्ही क्रेनच बोलावतो, कारण दोर ओढायला पूर्वीसारखी पंधरा-वीस माणसे एका वेळी मिळत नाहीत.

यंत्रबोटींना मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. पण बोट काढण्याची वेळ मी त्या तारखेवर सोडत नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा नांगरून ठेवलेल्या कित्येक बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या, काही बुडाल्या. तेव्हापासून मे महिन्याच्या पूर्वार्धात जे उधाण मिळेल त्यालाच आमची बोट वर येते. पंधरा दिवसांची मासळी जाते, हे खरे आहे, आणि घरात दर वर्षी त्यावर चर्चाही होते.

बोट वर आली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा समज मात्र फार घातक आहे, आणि भावाला मला नेमके हेच सांगायचे होते. पाण्यात असताना बोटीचे ओझे पाणी सगळीकडून सारखे उचलते. बाहेर काढल्यावर तेच ओझे दोन-चार ठिकाणी एकवटते. बाबांच्या लाकडी होडीला जाड पठाण, म्हणजे तळाचा लाकडी कणा, होते; ते ओंडक्यांवर टेकले की होडी निवांत बसायची. फायबरचा तळ तसा नसतो. त्याचे पाठबळ आतून लांबीच्या दिशेने बसवलेल्या पट्ट्यांत असते, आणि बाहेरचा आधार त्या पट्ट्यांच्या बरोबर खाली यायला हवा. आधार दोन पट्ट्यांच्या मधे आला तर तळ आत दबतो, आणि महिनाभराने हात फिरवला तर बशीसारखा खळगा बोटांना जाणवतो. सर्वांत जास्त ओझे मागच्या बाजूला असते, कारण इंजिन तेथे टांगलेले असते. त्यामुळे आधार अगदी मागच्या फळीच्या खालपर्यंत पोचलाच पाहिजे.

भावाच्या फोटोत मला खटकले ते हेच. पाळण्यावरच्या पट्ट्या मागच्या फळीच्या वीतभर आधीच संपत होत्या, आणि तेवढा भाग इंजिनासकट अधांतरी होता. ती लिफ्ट आधीच्या मालकाच्या आखूड बोटीसाठी बसवलेली असणार.

दुसरी गोष्ट पावसाच्या पाण्याची. ती मी नुकसान सोसून शिकलो. २०१९ साली आम्ही बोट नेहमीप्रमाणे वर काढली, चार लाकडी ठोकळ्यांवर बसवली, वरून ताडपत्री ताणली, आणि तळाचे बूच काढायचे राहून गेले. ताडपत्री आहे, आत पाणी जाणार नाही, असे मी गृहीत धरले. १ जुलैच्या रात्री वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि ती आत झोळीसारखी लोंबकळू लागली. २ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच रात्री मालाडला भिंत कोसळून माणसे दगावली, त्यामुळे आपल्या बोटीचे दुःख बोलून दाखवणेही त्या दिवशी योग्य वाटले नाही.

हिशेब मी नंतर मांडला. आमच्या बोटीचे उघडे तोंड साधारण ९ चौरस मीटरचे आहे. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यात ९०० लिटर, म्हणजे जवळजवळ ९०० किलो पाणी साठते. त्या रात्रीच्या पावसाने, सगळा आत राहिला असता तर, सव्वातीन टनांहून अधिक ओझे झाले असते. बोटीचे स्वतःचे वजन इंजिन सोडून पाऊण टनाच्या आसपास आहे. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस याच हिशेबात धरला तर आकडा जवळजवळ साडेआठ टनांवर जातो. सकाळी मी पोचलो तेव्हा ताडपत्री फाटून आत गेली होती, बोट अर्ध्याहून अधिक भरली होती, मागचा डावा ठोकळा ओल्या मातीत रुतला होता आणि सगळा भार उजव्या ठोकळ्याच्या एका कडेवर आला होता. मी हात घालून बूच काढले. पाणी बाहेर पडायला तासाभराहून जास्त वेळ लागला, आणि पाणी संपल्यावर त्या कडेच्या वर तळाला हातभर लांबीची भेग दिसली. कारागिराने ग्राइंडरने जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, खरवडला तेव्हा आतले थर सुटलेले निघाले. ते सगळे कापून नव्याने काचतंतूंची मॅट आणि रेझिन भरावे लागले, आणि नारळी पौर्णिमेला आमची बोट पाण्यात उतरू शकली नाही.

लिफ्टवर हाच प्रकार अधिक धोक्याचा ठरतो, कारण तेथे खाली जमीन नसते. लिफ्टची क्षमता बोट, इंजिन, डिझेल-पेट्रोल, जाळी, बर्फाची पेटी हे सारे धरून मोजायची असते. साचलेले पाणी त्यात कोणीच धरत नाही. बूच लावलेले राहिले आणि एका रात्रीत टनभर पाणी आत साठले तर तो भार तारेच्या दोरांवर येतो, आणि खाऱ्या हवेत तारांचे पदर आतून गंजलेले असतात ते बाहेरून दिसत नाहीत. म्हणून मी भावाला कळवले की बोट वर गेल्यावर बूच लगेच काढ, मागची बाजू किंचित खाली राहील असा पाळणा ठेव, म्हणजे पाणी बुचाकडेच वाहील, आणि तारांवरून महिन्यातून एकदा जुने फडके फिरव. फडके जेथे अडकेल तेथे तारेचा एखादा धागा तुटलेला असतो आणि ती तार बदलण्याची वेळ झालेली असते.

लिफ्टचा एक फायदा मात्र आमच्याकडे नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून अप्रूप वाटते. त्याची बोट दर फेरीनंतर पाण्याबाहेर येते, त्यामुळे तळाला शेवाळ आणि बार्नॅकल धरायला वेळच मिळत नाही. आमची बोट सुमारे नऊ महिने खाडीत असते. मे महिन्यात ती वर आली की तळावर पांढऱ्या खरखरीत कवचांचा थर असतो, आणि तो ओला असतानाच खरवडावा लागतो. उन्हात दोन दिवस वाळला तर सिमेंटसारखा चिकटतो. पूर्वी लाकडी होडीच्या तळाला मुशीचे (शार्क माशाचे) तेल लावत. त्याचा वास घरभर आणि कपड्यांना आठवडाभर राहायचा, आणि मला तो अजूनही आवडतो. आता आम्ही बाजारात मिळणारा तळाचा रंग लावतो. भावाला त्या रंगाचीही गरज नाही, फक्त गोड्या पाण्याने बोट धुऊन इंजिनातून गोडे पाणी फिरवले म्हणजे झाले.

परवा त्याचा नवा फोटो आला. पाळण्यावरच्या पट्ट्या त्याने बदलून लांब केल्या आहेत आणि मागची फळी आता त्यांच्यावर पूर्ण टेकलेली दिसते. बूच कोठे ठेवलेस, असे मी विचारले तर म्हणाला, इंजिनाच्या किल्लीलाच दोरीने बांधले आहे. आमचे बूचही २०१९ पासून घरात देवघराशेजारच्या खिळ्याला, किल्लीबरोबरच टांगलेले असते.