तेवढ्या पोफळी लिहू नका

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आणि त्यानंतर आम्हा कृषी सहायकांना एकच काम उरलं, पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे तिघे श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्यांमधून फिरत होतो. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, करोनामुळे तोंडाला मास्क. आडव्या झाडांवर चढून पलीकडे उतरायचं, पडलेलं मोजायचं, सही घ्यायची, पुढच्या वाडीत शिरायचं.

वाडी कशी असते हे घाटावरच्यांना सांगायला हवं. घरामागे विहीर, तिच्या आसपास माड, माडांच्या मधे पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळींवर चढवलेली मिरी, खाली सावलीत जायफळ, कडेला केळी. हे सगळं दहा-वीस गुंठ्यांत. श्रीवर्धनची रोठा सुपारी अशाच वाड्यांत पिकते. पोफळ लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं लागतात. शिवाय तिचा वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. आंबा मोडला तर बुंध्यातून पुन्हा फुटू शकतो. पोफळ मधून मोडली की संपली. आणि त्या दिवसांत जिकडे पाहावं तिकडे मधून मोडलेल्या पोफळीच होत्या. फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार झाली होती, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. हा हिशेब मला कुणाला सांगावा लागला नाही. प्रत्येक घरात तो आधीच झालेला होता.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत काढणीला आलेला गहू आणि ज्वारी आमच्या डोळ्यांदेखत झोपली. दुष्काळ तर लहानपणापासून ओळखीचा. कोकणात नेमणूक झाली तेव्हा वाटलं होतं, इथे निदान पाऊस तरी शब्दाला जागतो. पण २०१९ साली एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली: वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. एरवी बंगालच्या उपसागरात चार वादळं व्हावीत तेव्हा अरबी समुद्रात एक, असं प्रमाण सांगितलं जायचं. समुद्र तापतोय, तापलेल्या पाण्यावर वादळं पोसतात, हे मी वाचत होतो. ज्या माणसांनी आयुष्यभर सायकल आणि एसटी सोडून काही वापरलं नाही, त्यांच्या अंगणात जगभरच्या धुराचा हिशेब येऊन पडला होता. अशा माणसाला 'पुन्हा लावा' कोणत्या तोंडाने सांगायचं? रात्री कंदिलाच्या उजेडात तक्ते भरताना मला हे काम नको झालं होतं.

अशा मनःस्थितीत आम्ही त्या काकूंच्या वाडीत गेलो. पन्नाशीच्या असतील. मुलगा मुंबईहून टाळेबंदीत काम सुटून परत आलेला. आम्ही मोजत मोजत कुंपणापर्यंत पोचलो. तिथे काही पोफळी कलंडल्या होत्या, एका बाजूची मुळं उघडी. मी आकडा लिहिणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "भाऊसाहेब, तेवढ्या पोफळी लिहू नका."

तलाठी म्हणाले, "अहो काकू, मुळं वर आलीयत. लिहिल्या तर मदतीत धरता येतील."

"अर्धी मुळं मातीत आहेत. शेंडा हिरवा आहे. काल काथ्याच्या दोराने ओढून बांधल्यात आम्ही. मेल्या म्हणून सही कशी करू?"

नुकसान कमी लिहा, असं सांगणारा शेतकरी मला त्याआधी भेटला नव्हता. आम्ही त्या वगळल्या.

मग त्या मला विहिरीकडे घेऊन गेल्या. हिवाळ्यात पिकलेल्या सुपाऱ्या त्यांनी गादीवाफ्यावर लावल्या होत्या. वाफ्यावर एक खोड पडलं होतं. ओढलं असतं तर रोपं चिरडली असती, म्हणून मुलाने जागेवरच करवतीने त्याचे तुकडे करून एकेक उचलला. वरची सावली गेली, तर पडलेल्या झावळ्यांचाच मांडव घातला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने यादी होती: कुणाच्या घरी किती रोपं लागतील. आपल्या वाडीपुरती ठेवून उरलेली शेजाऱ्यांना द्यायची होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, पुन्हा वादळ येऊ शकतं."

"येणार म्हणतात खरं. म्हणून तर विचारते, समुद्राकडच्या अंगाला काय लावू?"

मी धास्तावून जे बोललो, ते त्यांनी केव्हाच धरून चालून पुढचा प्रश्न काढला होता. उत्तर शोधायला आम्ही दोघं बांधावरून चालत गेलो. जिथे उंडीची, म्हणजे किनाऱ्यावर वाढणारी, जुनी झाडं दाट होती, तिथे त्यांच्या आडोशाच्या बऱ्याच पोफळी उभ्या होत्या. जिथे बांध मोकळा होता, तिथे रांगाच्या रांगा झोपल्या होत्या. वादळ थांबवणं काकूंच्या हातात नव्हतं, माझ्याही नाही. पण वारा कुठून शिरला ते त्या जमिनीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. पंचनाम्याच्या तक्त्यात उभ्या राहिलेल्या झाडांसाठी रकाना नसतो. मी त्या संध्याकाळपासून वहीत वेगळं पान केलं. काय उभं राहिलं, कशाच्या आडोशाला, शेजारी कोणतं झाड. पुढच्या वाड्यांमध्ये लोक आधी पडलेलं दाखवत, मग मी उभं असलेलं विचारी, आणि बोलणं हळूहळू लावणीकडे वळे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, तरी वाऱ्याने झोडपलं. दोराने बांधलेल्या पोफळींपैकी काही तेव्हा गेल्या, काही तगल्या. वाफ्यातली रोपं पिशव्यांमध्ये होती, ती घरात नेऊन ठेवल्याने वाचली. त्याच वर्षी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आला: गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. तो वाचून पोटात खड्डा पडलाच. आजही पडतो. पण पावसाची पहिली झड ओसरली तसा काकूंचा निरोप आला की खड्डे तयार आहेत.

समुद्राच्या बाजूला आधी उंडीच्या दोन ओळी, मधे वाव सोडून मग नऊ-नऊ फुटांवर पोफळी, असं ठरलं होतं. यादीतली शेजारची घरंही आपापली रोपं न्यायला आली आणि हातभार लावायला थांबली. आदल्या वर्षी पंचनाम्याला माझ्यासोबत असलेले तलाठी त्या दिवशी रजा टाकून आले होते. दोरीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं काकूंच्या मुलाने.