आमची मिक्स बॅच
आज पॉटरी क्लासला जाम मजा आली, एका बाजूला पहिल्यांदाच माती हातात घेणारी शाळकरी पोरं अन् दुसऱ्या बाजूला कित्येक वर्षं चाक चालवणाऱ्या काकू. नवीन लोकांना मॅडमनी चाक दिलंच नाही, आधी पिंच पॉट, गोळ्यात अंगठा दाबून चिमटीने भिंत वर काढत न्यायची, आणि मला हे एकदम पटतं, जाडी आधी बोटांना कळली पाहिजे नं. काकू गोळा सेंटर करून राहिल्या होत्या, म्हणजे फिरत्या चाकाच्या बरोब्बर मधोमध आणून राहिल्या होत्या, कोपर मांडीला टेकवलेलं, हात जरासुद्धा हलत नव्हता, पोरं बघतच राहिली! नागपूरच्या या उन्हात काठ भराभर सुकून तडकतात म्हणून सगळ्यांचे पॉट प्लास्टिकखाली झाकलेत. पूर्ण सुकले की पहिली भाजणी साधारण १००० डिग्रीला, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, त्यानंतर. कोणाला शिकायचं असेल तर या बापा, वय-बिय काही बघू नका.