मॅप लावून अनोळखी रस्त्याने: कुठे ऐकायचं, कुठे नाही

मावशीच्या नवीन घरी गाडीने जाऊन आलो. रस्ता आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता त्यामुळे सगळी भिस्त मॅपवर, दादा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून फोन सांभाळत होतो. कुठे कुठे घोळ झाला आणि का झाला ते लिहून ठेवतोय, कुणी असंच निघणार असेल तर उपयोग होईल.

सुरुवात बेसमेंट पार्किंगपासून. तिथून मॅप लावला की तो आपल्याला शेजारच्याच कुठल्यातरी गल्लीत उभं करतो आणि वर "वायव्येकडे निघा" म्हणून सांगतो. आता सकाळी सकाळी वायव्य कुठली हे कुणाला कळणारे! यात ॲपचा फार दोष नाही खरंतर. जागा नक्की कळायला एका वेळी किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात, ते उपग्रह वीसेक हजार किलोमीटरवर, सिग्नल आधीच क्षीण, डोक्यावर स्लॅब असला की संपलं. आणि गाडी उभी असताना जीपीएसला तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही, फोन मग होकायंत्रावर अवलंबून राहतो आणि चुंबकवाल्या होल्डरमध्ये ते होकायंत्र येडं होतं. त्यामुळे आधी गाडी उघड्यावर आणा, अर्धा मिनिट थांबा, थोडी पुढे घ्या, बाण आपोआप सरळ होतो. बाण गरगर फिरत असताना कुठेही वळू नका.

हायवेला लागेपर्यंत ठीक होतं. मग आला उड्डाणपूल, आणि माझ्या मते मॅपवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचा अंदाज साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो, उंचीचा त्याहून वाईट, आणि ॲप काय करतं तर तो ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर नेऊन चिकटवतं. रस्ता एकच असेल तर मस्त, पण वर पूल आणि खाली सर्व्हिस रोड असेल तर दोघंही त्याच्या दृष्टीने एकाच जागी. आम्ही खालून निघालो होतो आणि मॅपमधली बाई निवांत सांगतेय, "दोन किलोमीटर सरळ चालत राहा". समोर लाल सिग्नल, डावीउजवीकडे रिक्षा, डोक्यावर पूल. दादा म्हणाला, "अरे ती पुलावरून चाललीये, आपण खाली आहोत!" पूल संपून दोन्ही रस्ते एकत्र आले तेव्हा कुठे ती भानावर आली.

यावर उपाय एकच, पुलाच्या आधी शेजारच्याने पुढच्या वळणांची यादी उघडून बघायची. पुढचं वळण पूल संपायच्या आत असेल तर खालून जायचं, चारपाच किलोमीटर पुढे असेल तर वरून. आणि रस्त्यावरची पाटी काही वेगळं सांगत असेल तर पाटीचं ऐका. सूचना कानावर पडेपर्यंत फाटा गेलेला असतो हेही लक्षात घ्या, ताशी ऐंशीने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, त्यामुळे ऐनवेळी लेन बदलायला जाऊ नका, चुकला तर चुकला, पुढून वळवून घेता येतं.

बोगद्यात तर सिग्नलच नसतो. ठिपका पुढे सरकताना दिसतो पण तो नुसता अंदाज, आधीचा वेग आणि फोनमधले सेन्सर धरून काढलेला. गाडीत कंपनीचंच नॅव्हिगेशन असेल तर ते चाकाच्या फेऱ्याही मोजू शकतं म्हणून जरा बरं चालतं. आमच्यापुढे ट्रक रखडले होते, आम्ही आत रांगेत, आणि ठिपका मात्र पलीकडे जाऊन पोचलेला. बोगदा संपल्यासंपल्या फाटा असेल तर डावा की उजवा ते आत शिरायच्या आधीच मोठ्याने बोलून ठेवा.

आता शॉर्टकट. मध्येच स्क्रीनवर येतं की दुसऱ्या रस्त्याने चार मिनिटं वाचतील, आणि काही ॲपमध्ये तुम्ही काहीच दाबलं नाही तर तो रस्ता आपोआप घेतला जातो, हे फार वाईट आहे. रस्ता अरुंद आहे, कडेला चर खणलाय, समोरून टेम्पो आला तर कुणाला तरी रिव्हर्स घ्यावा लागणार, हे त्या चार मिनिटांत कुठेच धरलेलं नसतं. आम्ही दहा मिनिटांच्या आतलं काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं आणि ते जमलं. पण हायवेवर पुढे लांबलचक लाल रेघ दिसली तर मात्र दुर्लक्ष करू नका, ती बहुतेक वेळा खरी असते कारण ती तिथल्या लोकांच्या फोनच्या वेगावरूनच काढतात. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण २०२० मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत घालून रस्त्यावरून ओढत नेले आणि गूगल मॅप्सवर तो मोकळा रस्ता लाल झाला होता!

डोंगराचा भाग लागला की रेंज जाते. घाबरायचं काही नाही, जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते लागतं नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. घरून निघतानाच वायफायवर त्या भागाचा नकाशा डाउनलोड करा, आणि नुसत्या रस्त्याचा नको, आजूबाजूचाही घ्या, कारण वळण चुकलं की तुम्ही नेमके त्या आजूबाजूच्या भागातच असता.

फोन काचेला लावू नका. उन्हात तापला की आधी स्क्रीन अंधुक होते, मग चार्जिंग थांबतं, आणि हे सगळं जिथे वळणं जास्त तिथेच होतं. एसीच्या जाळीला अडकवायचा होल्डर घ्या.

शेवटचा घोळ दारात. "तुम्ही पोहोचला आहात" आणि समोर बघतो तर कंपाउंडची मागची भिंत, आत मावशीची इमारत दिसतेय, गॅलरीत ती उभी राहून हात करतेय आणि गेट पलीकडच्या रस्त्याला. पिन बहुतेक वेळा प्लॉटच्या मधोमध टाकलेली असते आणि ॲप तिला जवळचा कुठलाही रस्ता पकडतं, मग तिथून आत जायची वाट असो नसो. ज्यांच्याकडे जाताय त्यांना गेटवर उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा, घरात सोफ्यावर बसून नाही. पाठवायच्या आधी निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होऊ द्यायला सांगा, ते जेवढं मोठं तेवढा फोनचाच गोंधळ जास्त. अक्षांश रेखांश पाठवत असतील तर दशांश चिन्हानंतर पाच आकडे हवेत, तेवढ्यात मीटरभरापर्यंत जागा येते, तीनच असतील तर शंभरेक मीटर इकडेतिकडे.

येताना मॅप आम्हाला आडवाटेनेच न्यायला लागला, हायवे दाखवेचना. शेवटी सेटिंग उघडलं तर "टोल टाळा" चालू होतं, घरातल्या कुणीतरी कधीतरी करून ठेवलेलं. ते बंद केल्यावर पाऊण तास कमी झाला. निघायच्या आधी तेवढं एक बघून घ्या, आणि गाडीत लहान मुलं असतील तर येतानाही परत बघा.